गाठ वाढली की नुसती सुजली, हे मुंबईत कोण सांगणार

मामाच्या पेट स्कॅनच्या रिपोर्टच्या तळाशी तीन ओळी होत्या. मानेत डावीकडे आणि छातीच्या मधोमध नवीन गाठी दिसतायत, एफडीजी, म्हणजे स्कॅनआधी टोचतात ती किरणोत्सारी साखर, बऱ्यापैकी खेचतायत, आणि खाली ठळक अक्षरात ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’, म्हणजे आजार पुढे गेला. परळला पुलाजवळ उसाच्या रसाच्या गाडीपाशी बाकड्यावर बसून मामाने ते पाकीट माझ्याकडे सरकवलं, "गो बाय, ह्या काय लिवलेला आसा?" मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांनी काय बिघडवून ठेवलंय त्याचे रिपोर्ट लिहिणं हाच माझा धंदा, आणि तरी त्या तीन ओळी मला त्याला वाचून दाखवता आल्या नाहीत. म्हटलं डॉक्टरांना विचारूया रे, मशीनचं काय खरं असतं.

तेव्हा सहज बोलून गेले, पण नंतर ते वाक्य डोक्यातून जाईना. मशीनचं खरं असतं का, किती असतं, आणि कोणासाठी. आता तर दर आठवड्याला कुठे ना कुठे वाचायला मिळतं की एआय नुसता स्कॅन बघून सांगणार कुठल्या पेशंटला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीरालाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, लागू पडेल, ऑफिसातली पोरं ते ग्रुपवर टाकतात आणि मग माझ्या टेबलाशी येऊन मत विचारतात कारण माझ्या घरात काय झालं ते त्यांना माहितीये. तर माझं मत असं, की हे तंत्र मुंबईला हवंच, लवकर हवं, पण त्याच्या हातात ‘औषध बंद करा’ म्हणायचा शिक्का द्यायच्या आधी ते आपल्या पेशंटवर, आपल्या मशीनवर आणि आपल्या टीबीवर घासून बघायला हवं, आणि घासून बघायला जे स्कॅन लागतात तेच आपण सध्या रद्दीत घालतोय.

मामाचं थोडक्यात सांगते. काळाचौकीचा माणूस, गिरणीत होता, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन. तंबाखू-चुना चाळीस वर्षं, गालात डाव्या बाजूला ठरलेली जागा. तिथेच निघाला कॅन्सर. ऑपरेशन झालं, पायाचं हाड कापून जबडा केला, टायटॅनियमची पट्टी बसवली, रेडिएशन झालं, आणि दीड वर्षात परत आला. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या आता कमी डोसवालं इम्युनो देऊन बघू. हे ‘कमी डोसवालं’ काय प्रकरण आहे ते माहीत असायला हवं कारण ते आपल्या परळचंच आहे. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर ट्रायल झाली, निकाल २०२२ मध्ये आला. सगळ्यांना तीन स्वस्तातल्या गोळ्या दिल्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब, आणि त्यातल्या निम्म्यांना वरून निवोलुमॅब हे इम्युनोचं औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे हिशेब केला तर हा अठरावा हिस्सा झाला. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के लोक हयात होते, आणि हा चिमूटभर निवोलुमॅब मिळालेले ४३.४ टक्के. पुऱ्या डोसला तेव्हा लाखाच्या वर लागायचे, आपल्याकडे ज्यांना हे औषध द्यायला हवं अशा शंभरातल्या तिघांनाही ते मिळत नव्हतं, त्यामुळे ही ट्रायल म्हणजे आमच्यासारख्यांसाठी दार किलकिलं होणं होतं. मामा त्या दारातून आत गेला. चौथ्या डोसनंतर हा पेट स्कॅन.

आता इम्युनोची खरी गोची इथे आहे. किमो गाठीला थेट मारते, गाठ बारीक झाली म्हणजे औषध लागू पडलं, मोठी झाली म्हणजे नाही, हिशेब सरळ. इम्युनो गाठीला हातच लावत नाही. आपल्याच शरीरातल्या टी पेशींवर जो ब्रेक असतो, पीडी-१ नावाचा, तो ते सोडवतं आणि मग त्या पेशी जाऊन लढतात. असे ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो हे शोधल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण पेशी लढायला गाठीत घुसल्या की गाठ सुजते. स्कॅनवर ती मोठी दिसते. गणपतीत आमच्या लालबागच्या गल्लीचा वरून फोटो काढला तर बाहेरच्याला वाटेल इथली वस्ती दसपट झाली, प्रत्यक्षात चाळी तेवढ्याच आहेत, बाहेरून माणसं आलीयत आणि विसर्जनाला जाणार आहेत. तसंच. याला डॉक्टर स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, खोटी वाढ.

आणि मोजायची पट्टी मात्र किमोच्या जमान्यातली. रेसिस्ट म्हणतात तिला, २००० साली आली, २००९ मध्ये सुधारली. जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, त्यांच्या व्यासांची बेरीज करायची, ३० टक्क्यांनी घटली तर फायदा, २० टक्क्यांनी वाढली तर आजार पुढे गेला. आणि कुठेही नवीन गाठ दिसली की विषय संपला, प्रोग्रेसिव्ह डिसीज. मामाच्या रिपोर्टात तेच झालं होतं, नवीन गाठी दिसल्या आणि नियमाने शिक्का पडला. रिपोर्ट लिहिणाऱ्याची चूक नाही, पट्टीच तशी आहे. इम्युनोसाठी २०१७ मध्ये आयरेसिस्ट नावाची दुरुस्ती आली, ती सांगते की पेशंटची तब्येत बरी असेल तर घाई नको, चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन करा, तेव्हाही वाढ दिसली तर पक्की धरा.

थांबा म्हणणं सोपं आहे हो. खोटी वाढ शंभरात दहा जणांचीही नसते. उरलेल्या नव्वदांची वाढ खरीच असते, आणि काहींची तर औषध सुरू केल्यावर उलट जोरात सुटते. त्या नव्वदांनी दोन महिने थांबायचं म्हणजे आणखी दोन-तीन डोस, आणखी एक स्कॅन, गावावरून आलेले असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतला मुक्काम वाढवून घेणं, तिथे जागा नसेल तर हॉस्पिटलच्या बाहेरचा फुटपाथ, आणि सोबत आलेल्या पोराची नोकरी. आणि दुसरं औषध चाललं असतं तर ती वेळही गेली. म्हणून माझं म्हणणं, स्कॅन हुशारीने वाचणारं सॉफ्टवेअर ही बोस्टनवाल्यांपेक्षा आपली गरज आहे. तिकडे दोन डोस फुकट गेले तर विमा कंपनी रडते, इथे मामी मंगळसूत्र काढून ठेवते. ‘औषधालाच पैसे नाहीत तिथे एआय कसलं’ असं जे म्हणतात त्यांना मी एवढंच सांगते, औषध महाग आहे म्हणूनच ते कोणावर चालतंय हे आधी कळायला हवं. स्कॅन तर होतच असतो. तो नीट वाचला जात नाही एवढंच.

हे सॉफ्टवेअर करतं काय ते बघू. सीटी म्हणजे आपल्याला काळापांढरा फोटो दिसतो पण कॉम्प्युटरला तो आकड्यांचा ढीग असतो, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. गाठीचे काठ गुळगुळीत की दातेरी, आतला पोत एकसारखा की खडबडीत, आजूबाजूला काय चाललंय, असे शेकडो गुण त्या आकड्यांतून काढायचे आणि कुठले गुण असले की पेशंटला फायदा झाला ते मशीनला शिकवायचं. याला २०१२ पासून रेडिओमिक्स नाव पडलं. कल्पना झकास आहे. बायोप्सीत सुई जाते एका गाठीच्या एका कोपऱ्यात, आणि पीडी-एल१, म्हणजे तो पीडी-१ ब्रेक दाबणारं गाठीवरचं प्रथिन, किती आहे ते त्या कणावरून ठरवतात, भाताच्या हंडीतलं एक शीत दाबून बघावं तसं, पण भात सगळीकडे सारखा शिजतो, गाठ नाही. स्कॅनमध्ये सगळ्या गाठी पूर्णच्या पूर्ण दिसतात, परत परत बघता येतात, टोचावं लागत नाही. नेदरलँड्समध्ये तर अटेझोलिझुमॅब या इम्युनो औषधालाच किरणोत्सारी झिर्कोनियम चिकटवून २२ पेशंटचा पेट केला, औषध कुठल्या गाठीत जाऊन बसतं ते थेट दिसलं, आणि कोणाला फायदा होईल हे बायोप्सीपेक्षा त्या स्कॅनवरून जास्त चांगलं कळलं. २०१८ ची गोष्ट. बावीसच पेशंट, पण दिशा कळते.

त्याच वर्षी पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी कॅन्सर सेंटरने दुसरी गोष्ट केली, जिचं नाव या विषयात सगळे घेतात. १३५ पेशंटच्या सीटीवर मशीनला शिकवलं की गाठीत सीडी-८ पेशी, म्हणजे लढणाऱ्या पेशी, किती घुसल्यात ते नुसत्या फोटोवरून ओळख. मग बाहेरच्या पेशंटवर तपासलं. आमच्या धंद्यात जो आकडा मी सगळ्यात आधी शोधते तो इथे एयूसी नावाने असतो, ०.५ म्हणजे नाणं उडवणं, १ म्हणजे एकही चूक नाही. त्यांचा आला ०.६७.

मी त्यांची टिंगल करत नाहीये, उलट त्यांनी बाहेरच्या पेशंटवर तपासून आकडा जसा आला तसा छापला हेच मोठं, माझ्या क्षेत्रात लोक बग दिसला की टेस्ट केस डिलीट करतात. शिवाय ज्यांचा स्कोअर चांगला आला ते पेशंट इम्युनोवर जास्त जगले हेही त्यांनी दाखवलं. पण ०.६७ हा ‘अजून चौकशी करा’ म्हणायचा आकडा आहे. या आकड्यावर एखाद्या माणसाचं औषध थांबवायचं नसतं.

आणि तो आकडा पॅरिसचा. आमच्याकडे प्रत्येक डेव्हलपर एक वाक्य म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’. चालत असेल बाबा, पण कस्टमरकडे चालेल का? स्कॅनचं पण तेच. सीटीचे काप एक मिलिमीटरचे घेतले की पाचचे, कॉन्ट्रास्ट दिल्यावर किती सेकंदांनी फोटो काढला, मशीन कुठल्या कंपनीचं, आतलं सॉफ्टवेअर फोटो किती गुळगुळीत करतं, एवढ्याने पोताचे आकडे बदलतात. गाठ तीच, पेशंट तोच, आणि आकडा वेगळा. एकाच गुणाचा हिशेब वेगवेगळी सॉफ्टवेअर वेगवेगळा करायची, शेवटी जगभरच्या टीमांनी मिळून २०२० मध्ये १६९ गुणांच्या व्याख्या पक्क्या केल्या, म्हणजे तोवर किलो म्हणजे किती यावरच एकमत नव्हतं म्हणा ना. व्याख्या पक्की झाली तरी फोटो काढण्यातला फरक आहेच. पेटचं तर आणखी नाजूक, इंजेक्शन दिल्यावर किती मिनिटांनी आत घेतलं, रक्तात साखर किती होती, यावर गाठ कमी-जास्त पेटते. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आतडी दिवाळीसारखी उजळतात. मुंबईत साठीच्या वरच्या माणसाला साखर नाही असं किती घरांत आहे ते तुम्हीच बघा.

मामाचा पहिला स्कॅन एका ठिकाणी झाला होता आणि दुसरा उपनगरातल्या एका सेंटरला, कारण पहिल्या ठिकाणी तीन आठवडे नंबर नव्हता. आम्ही जुन्या स्कॅनची सीडी सोबत दिली होती. काउंटरवरच्या मुलीने ती पाकिटाला रबर लावून ठेवली, मी बघितलंय. रिपोर्टात आलं, तुलनेसाठी आधीचा स्कॅन उपलब्ध नाही. फोन करून विचारलं तर म्हणे सीडी आमच्या पीसीवर उघडली नाही. मग तुलना केलीच नाही तर ‘नवीन’ गाठी कशावरून, असं मी विचारलं. जुन्या कागदी रिपोर्टात त्या गाठींचा उल्लेख नाही म्हणून, असं उत्तर आलं. जगातलं सर्वात हुशार एआय आणून बसवा तिथे, ते काय करणार, सीडीच उघडत नाहीये.

डॉक्टरबाईंनी काय केलं ते सांगते, कारण मला तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. त्यांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला, हातमोजा घातला आणि मामाला तोंड उघडायला सांगितलं. त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. आत बोट घालून गाल चाचपला, बाहेरून दुसऱ्या हाताने दाबला. म्हणाल्या हे आधीपेक्षा मऊ लागतंय. मग स्क्रीनवर गालाचा भाग दाखवला, तिथे टायटॅनियमच्या पट्टीमुळे आणि दातातल्या चांदीमुळे पांढऱ्या-काळ्या रेघांचा नुसता स्फोट झाला होता, टीव्हीवर मुंग्या यायच्या तसं. त्याच्यात गाठ मोजणार कुठून. पाश्चात्त्य अभ्यासांत सगळ्यात जास्त असते ती फुप्फुसाची गाठ, चारी बाजूंनी हवा आणि मधे स्वच्छ दिसणारा गोळा, नाहीतर मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर. त्यांच्याकडचा घशाचा कॅन्सरही बराचसा एचपीव्ही विषाणूचा. आपल्याकडे तंबाखूवाल्यांचे गाल, जबडे, पट्ट्या, रेडिएशनने झिजलेलं हाड, आणि ते हाड पण पेटवर पेटतं. हे मशीनने शिकताना बघितलेलंच नसेल तर ते काय सांगेल? काहीतरी सांगेलच, मॉडेलची खोड असते, ‘मला माहीत नाही’ म्हणायला त्याला मुद्दाम शिकवावं लागतं.

आणि मानेतल्या गाठीकडे बघून बाई म्हणाल्या, आधी सुई घालू. दोन दिवसांनी सुई घातली, सीबीनॅट नावाच्या तपासणीला पाठवलं. टीबी.

टीबी! घरात कोणी आनंदाने ‘टीबी निघाला’ असं फोनवर ओरडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, मामीने गावाला फोन लावून सांगितलं आणि पलीकडचे लोक गप्प झाले, त्यांना कळेना की अभिनंदन करायचं की काय. पण गंमत बाजूला ठेवा. पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो, कॅन्सर साखर खातो तशी टीबीची गाठही खाते, दोन्ही सारख्याच पेटतात. जगातल्या टीबीच्या दर शंभर नवीन रुग्णांपैकी २६ भारतातले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा आकडा. आणि वर इम्युनोने टी पेशींचे ब्रेक सोडले की आत झोपलेला टीबी कधीकधी उठून बसतो. म्हणजे ज्या शहरात हे औषध घेणाऱ्या कितीतरी लोकांच्या छातीत जुना टीबी आहे, तिथे इम्युनोनंतर छातीत नवीन गाठ पेटली याचा अर्थ पॅरिसमध्ये जो लागतो तो इथे लागेलच असं नाही. ज्या सॉफ्टवेअरने शिकताना टीबीच्या गाठी बघितल्याच नाहीत त्याने मामाला एका सेकंदात निकालात काढलं असतं, आणि तेही दशांश चिन्हासकट, फार आत्मविश्वासाने.

इथे कोणी म्हणेल, अहो मग रेडिओलॉजिस्टने पण तेच केलं की, माणसाने पण प्रोग्रेसिव्हच लिहिलं. बरोबर. म्हणूनच मी एआयच्या विरोधात नाहीये. दिवसाला ढीगभर स्कॅन उपसणाऱ्या माणसाला शेजारी कोणीतरी ‘थांब, या गाठीचा पोत टीबीसारखा वाटतोय, जुना स्कॅन उघड’ म्हणणारं हवंय. पाच गाठींऐवजी सगळ्याच्या सगळ्या गाठींचं आकारमान मोजून देणारं हवंय, ते काम माणसाने हाताने करायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल. इम्युनोने फुप्फुसाला सूज आली, थायरॉईड एकसारखी पेटली, हे साइड इफेक्ट पेशंटला जाणवायच्या आधी स्कॅनवर दिसू शकतात, ते दाखवणारं हवंय. ही सगळी ‘बघा’ म्हणायची कामं आहेत. माझी भीती ‘नको’ म्हणायच्या कामाची आहे.

कारण ‘नको’ला गिऱ्हाईक तयार आहे. विमा मंजूर करणाऱ्या टेबलावर बसलेल्या माणसाला, सरकारी योजनेत प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, तपासणाऱ्याला, ‘स्कोअर ०.३’ असा एक आकडा मिळाला तर तो किती सोयीचा आहे विचार करा. डॉक्टरशी वाद घालावा लागत नाही, मशीनने सांगितलं. २०२४ च्या बजेटमध्ये दुर्व्हालुमॅब या इम्युनो औषधावरचं सीमाशुल्क काढलं, हळूहळू ही औषधं योजनांमध्ये यायला लागतील, आणि जितकी येतील तितकं कोणाला द्यायचं नाही हे ठरवायला काहीतरी लागेल. ते काहीतरी म्हणून हे सॉफ्टवेअर मागच्या दाराने येईल अशी मला दाट शंका आहे. म्हणून आत्ताच नियम करा, की स्कॅनवरच्या स्कोअरच्या आधारावर कोणाचं औषध नाकारता येणार नाही, जोवर ते सॉफ्टवेअर भारतातल्या सार्वजनिक हॉस्पिटलच्या पेशंटवर तपासलं जात नाही, त्यात टीबी झालेले आणि जबड्यात पट्टी असलेले किती होते ते सांगितलं जात नाही, आणि कुठे चुकलं त्याचा आकडा छापला जात नाही. विकणाऱ्या कंपनीने स्वतः केलेली तपासणी चालणार नाही, मी माझाच कोड टेस्ट करून पास केला तर मला नोकरीवरून काढतील.

आणि हे तपासायला मुंबईपेक्षा चांगलं शहर दुसरं कुठलं असेल, सांगा. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे पेटसाठी किरणोत्सारी माल बनवणारं यंत्र, आणि पहिला पेट २००२ मध्ये परळलाच आला, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. पेटला लागणारं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, आणि या ट्रॅफिकमध्ये ते रोज वेळेत पोचवणारे लोक इथे आहेत, मला तर त्यांचं डबेवाल्यांइतकंच कौतुक वाटतं. पवईला आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून देशी कार-टी थेरपी केली, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून परत कॅन्सरवर सोडायच्या, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली, परदेशात कोट्यवधी रुपयांना मिळणारी गोष्ट त्याच्या एका अंशात. म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसू शकतात हे या शहराने दाखवलंय. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यात तीनशेच्या वर संस्था आहेत. स्कॅनची बँक करायचं कामही टाटा आणि आयआयटीने हाती घेतलंय. आणि दुर्दैवाने तोंडाचा कॅन्सर आणि टीबी दोन्ही आपल्याकडे मुबलक.

कमी आहे ती अगदी फालतू वाटणाऱ्या गोष्टींची. एकच पेशंट शक्यतो एकाच मशीनवर, त्याच जाडीच्या कापांत, इंजेक्शननंतर तेवढ्याच मिनिटांनी स्कॅन करायचा, आणि ते रिपोर्टात लिहायचं. जुना स्कॅन उघडल्याशिवाय ‘नवीन’ हा शब्द वापरायचा नाही. पेशंटला चकचकीत फिल्म आणि ‘व्ह्यूअर’वाली सीडी टेकवण्याऐवजी मूळ डेटा द्यायचा, पूर्ण, पातळ कापांसकट. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायला हवेत हा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे, पण सेंटरवर जाऊन ‘मला डायकॉम फाइल्स हव्यात’, म्हणजे हाच मूळ डेटा, म्हणून बघा, समोरचा तुमच्याकडे इन्कम टॅक्सवाला आल्यासारखा बघतो. आणि संशोधनाला स्कॅन द्यायचे का हे पेशंटला विचारायचं, मराठीत, एका पानात. २०२३ चा डेटा कायदा संमती मागायला सांगतो, त्याचा अर्थ लोकांनी सोळा पानी इंग्रजी फॉर्मवर अंगठा उठवावा असा लावू नका. मामाला कोणी विचारलं असतं तर त्याने आनंदाने दिले असते, त्याला आपले फोटो कोणीतरी अभ्यासतंय म्हटल्यावर चाळीत सांगायला विषय मिळाला असता.

टीबीची औषधं सुरू झाली, इम्युनो थोडं थांबवून परत चालू केलं. त्यानंतर मामा अकरा महिने होता. त्यातले सात-आठ बरे गेले, गणपतीला कोकणात जाऊन आला, पातळ केलेली सोलकढी आणि मऊ भात खायचा, आणि ज्याला त्याला सांगायचा की मशीनने मला पास केलं नाही पण बाईंनी केलं. शेवटी गालातलाच आजार पुढे गेला, त्यात कोणाची काही चूक नव्हती.

त्याच्या सहा सीडी माझ्याकडे आहेत. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला आणि एका रविवारी सगळ्या कॉपी करायला बसले. चार उघडल्या. एकीत फोटो आहेत पण कापांची जाडी पाच मिलिमीटर, पोत-बित बघायला निरुपयोगी. आणि पुलाजवळ बसून वाचला होता तो स्कॅन, तीच सीडी उघडत नाही. त्या सेंटरला फोन केला. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, मग मुलगी म्हणाली, मॅडम एवढा जुना डेटा आम्ही ठेवत नाही, पेशंटला परत स्कॅन करायचा असेल तर उद्या सकाळी साडेसातचा स्लॉट आहे, उपाशीपोटी आणा.